घट्ट बसलेली कवळी

मी एक कवळी बोलतेय. हसू नका. माझे मालक बोलायचे, तेव्हा निम्मं बोलणं माझंच असायचं.

मालक शिंपी होते. सगळे त्यांना मास्टर म्हणत. पंचेचाळिशीतच त्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत झाला. मला घासून गुळगुळीत करणाऱ्या कारागिराला डॉक्टर सांगत होते, "दात मागून विरघळल्यासारखे झिजले होते. रोज प्यायची, रोज उलट्या काढायच्या. दुसरं काय होणार?"

"मग बोललात का काही?"

"मी कशाला बोलू? असलं विचारलं की पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो."

दोघं हसले. मीही हसत होते. माझा आकारच तसा आहे.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मास्टर गिऱ्हाइकांशी तोंडावर हात न धरता बोलू लागले. पण सकाळी चहाच्या आधी माझ्यावरून दारू वाहायची. तिचा वास मला कधीच सुटला नाही. मास्टर खंगत गेले, हिरड्या आक्रसल्या आणि मी खडखड वाजू लागले.

मला घट्ट करायला म्हणून मास्टर पुन्हा दवाखान्यात गेले. बायको बरोबर होती. ती दारातच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ते तुमचं ऐकतात. पिण्याबद्दल एकदा बोला ना."

"वहिनी, मी दातांचा डॉक्टर. घरातलं तुम्हीच बघा."

मास्टर खाली मान घालून खुर्चीवर बसले. मला काढून हातात धरलं आणि बोबड्या आवाजात स्वतःच म्हणाले, "डॉक्टर, सकाळी हात थरथरतात. घेतल्याशिवाय सुईत दोरा जात नाही. सोडायचीय हो, पण कुणाला विचारावं..."

डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क वर ओढला. माझ्यात मापाचा मऊ लगदा भरला आणि मला मास्टरांच्या तोंडात दाबलं. "सुकेपर्यंत बोलायचं नाही हं."

मास्टरांचे डोळे भरून आले.

"दुखतंय? गोळी लिहून देतो." ती कशाबरोबर पोटात जाणार, हेही विचारलं नाही.

लगदा सुकला. हात धुता धुता डॉक्टर म्हणाले, "काही म्हणत होतात का?"

"नाही. काही नाही."

मास्टरांचं तोंड बंद करायला बोळा म्हणून मलाच वापरलं. हे मी कुणाला सांगू?

पुढे मास्टर शिलाई मशीनवरच कोसळले. रक्ताची उलटी झाली. मोठ्या हॉस्पिटलात नर्सने मला काढून पाण्याच्या डब्यात ठेवलं. एक दमलेली डॉक्टरीण खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. "काका, रोज किती घेता? मी रागावणार नाही."

मास्टर बोलू लागले. दात नव्हते, शब्द फसफसत होते, पण थांबेनात. सगळं सांगून टाकलं.

"हे आधी का नाही सांगितलंत कुणाला?"

"सांगत होतो एकदा. तेवढ्यात तोंडात माप घातलं."

यकृत संपलं होतं. त्याच आठवड्यात मास्टर गेले.

त्यांच्या कपड्यांबरोबर मला बायकोच्या हातात दिलं. तिला मला टाकवत नाही, बघवतही नाही. मी कपाटात कपड्यांमागे पडून असते.

दातांच्या डॉक्टरांनो, माणसं तुमच्यासमोर तोंड उघडतात. वास तुम्हाला सगळ्यांच्या आधी येतो. हात घालण्यापूर्वी एकदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

माझी चौकशी कराल, तर मी ठणठणीत आहे. एकही दात हललेला नाही. काम अगदी चोख झालं होतं.