वहीतलं दव

फोरमनने जावयाच्या कपाटाचं कुलूप उघडलं आणि आतला डबा, कंगवा, जादाचे मोजे एकेक करून लेकीपुढे टेबलावर ठेवले. कंट्रोल रूममध्ये दोघंच होते. सतरा दिवसांत ती आज पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

तेवढ्यात पॅनेलवरचा भोंगा वाजला. ती दचकली.

“हे काय, बाबा?”

“वीज कुठंतरी जमिनीत गळतेय म्हणतोय. काही नाही, दव पडलं की सकाळी वाजतोच. ऊन चढलं की गप्प.”

खरंच होतं ते. पहिल्या वर्षी माणसं प्रत्येक भोंग्याला टेस्टर घेऊन सौरपट्ट्यांच्या रांगा धुंडाळत फिरली. हाती काय लागलं, तर भिजलेले बूट. मग फोरमननेच शिकवलं, बटण दाबायचं, वहीत ‘दव’ लिहायचं आणि चहा घ्यायचा. “बाईसाहेब शिंकल्या,” असं जावई म्हणायचा आणि सगळे हसायचे. फोरमनच्या तर ते इतकं अंगवळणी पडलं, की बटण दाबताना तो खिडकीकडे बघतही नसे.

त्या दिवशीही त्याने दाबलं. तासाभराने जावई चौदाव्या रांगेत नट आवळायला गेला. तिथे केबल सोलली होती आणि लोखंडी सांगाड्यात वीज उतरली होती. चौकशीवाल्यांनी वही पाहिली, ‘दव’ वाचलं, मान डोलावली. फोरमनचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला म्हणून त्याला स्वतःचीच शिसारी आली.

“त्या दिवशीपण वाजला होता?” लेकीने विचारलं.

“हो.”

“आणि दवच होतं?”

“वहीत आहे तसं,” मोज्यांची जोडी लावत तो म्हणाला.

तिने सगळं पिशवीत भरलं, बंद आवळले.

“ह्यांचा शर्ट आदल्या रात्री इथल्याच क्वार्टरच्या अंगणात दोरीवरच राहिला होता. सकाळी तोच घालून आले ते. मीच काढून दिला. कडकडीत कोरडा होता, बाबा.”

भोंगा वाजतच होता.

“बंद करा ना तो.”

फोरमनने खिडकीकडे पाहिलं. आज काचेवरून दव चांगलं ओघळत होतं. त्याचं बोट बटणापर्यंत गेलं, पण दाबेना.