धूर गिळणारा बाबा

धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मामाच्या होडीच्या इंजिनावर हात ठेवून गावात अवतरलेले बाबा डोळे मिटून उभे होते, आणि इंजिन चक्क धुराशिवाय चालत होतं.

"गेला! धूर गेला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझा मामा या काठावरून त्या काठावर माणसं पोचवतो. त्याच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा निळसर धूर उतारूंनी तीस वर्षं खाल्ला, वर मामाला शिव्या घातल्या. तो धूर दहा मिनिटांत नाहीसा झाल्यावर लोक हरखले, यात नवल नव्हतं. धक्क्यामागच्या टपरीत मी इंजिनं दुरुस्त करते. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

"बाळांनो," बाबा माईकवर म्हणाले, "तेल म्हणजे वासना! तुम्ही यंत्राला तेल पाजता, यंत्र तुमच्या तोंडावर पाप ओकतं. ते पाप मी गिळलं!" आणि त्यांनी दणदणीत ढेकर दिला. लोकांनी त्या ढेकरालाही हात जोडले.

पाप गिळायची रीत सोपी होती. बाबांचा चेला आधी टाकी रिकामी करायचा, मग बाबांच्या कॅनमधलं 'पावन पेट्रोल' भरायचा. घराघरांतले ऑइलचे डबे पाप म्हणून बाबांच्या जीपमध्ये जमा होत होते. पाप सीलबंद असेल तर उत्तम, असंही चेला हळूच सांगत होता.

होडीत एव्हाना चौदा जण बसले होते. त्यात मामी होती आणि एक तान्हं बाळही होतं. नदीला त्या दिवशी ओढ होती आणि अर्ध्या मैलावर बंधारा. मधोमध इंजिन बंद पडलं असतं, तर वल्ह्यांनी काही होणार नव्हतं.

मी होडीचा दोर धरला. "मामा, ऑइल घातलंस?"

"आता कधीच घालायचं नाही म्हणालेत बाबा."

"इंजिन जाम होईल."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तू? अगं, तुझा शेंबूड पुसलाय मी!"

"मग तेच नाक वर करून सांगते, दोर सुटणार नाही."

"चारचौघांत मामाची शोभा करतेस?" मामी होडीतून कडाडली.

मला मामापेक्षा स्वतःचाच राग आला. ऑइलचं माप वर्षानुवर्षं मीच त्याला करून देत होते, लिटरला वीस मिली. कशाला, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ऑइलसुद्धा आम्ही व्रतासारखं घालत आलो होतो. मग एक व्रत टाकून दुसरं धरायला माणसाला कितीसा वेळ लागणार?

मी पावतीपुस्तकाचा एक कोरा कागद फाडला, मामाच्या टाकीत काडी बुडवली आणि थेंब कागदावर टाकला. बघता बघता तो उडून गेला. कागद कोराच राहिला.

"बघा! ऑइल असतं तर डाग पडला असता. यात ऑइलच नाही, म्हणून धूर नाही."

"म्हणजेच शुद्ध!" बाबा गरजले. "पापाचा डाग उरला नाही!"

पुन्हा टाळ्या पडल्या. मी सपशेल तोंडघशी पडले होते. कुणीतरी माझ्या हातातला दोर ओढायला लागलं. दोर गच्च धरून मी उभी राहिले, तेव्हा धक्क्यालगत उभारलेल्या बाबांच्या मंडपामागून येणारी फटफट ऐकू आली. बाबांच्या माईकसाठी तिथे एक छोटा जनरेटर चालला होता. टू-स्ट्रोकच. आणि मंडपावर निळसर धुराचा पट्टा तरंगत होता.

दोर मी खुंट्याला दोन गाठी मारून बांधला आणि तडक मागे गेले. जनरेटर बंद केला. त्याच्या टाकीतला थेंब दुसऱ्या कागदावर टाकला. पेट्रोल उडालं, पण तेलकट गोल डाग तसाच राहिला. तो कागद मी सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"बाबा, गावाचं पाप गिळलंत. घरचं राहिलं की!"

माईक बंद पडल्यामुळे बाबांचा आवाज एकदम किरटा झाला होता. "ते... त्या यंत्राची वेळ अजून आलेली नाही."

"मग आणू या की वेळ." मी त्यांचाच कॅन उचलला. "ही टाकी रिकामी करते आणि पावन पेट्रोल भरते. प्रवचन होऊ द्या तासभर."

चेल्यानं झेप घेऊन कॅनला मिठी मारली. "अहो ताई, नुसतं पेट्रोल नका घालू! पिस्टन जाम होईल! परवाच नवा बसवलाय!"

चेल्याचं वाक्य पार होडीपर्यंत पोचलं होतं.

मग मी सांगितलं, जे आधीच सांगायला हवं होतं. या इंजिनात ऑइलला वेगळी जागा नसते. ते पेट्रोलबरोबर आत जातं, पिस्टन बुळबुळीत ठेवतं आणि शेवटी जळून त्याचा धूर होतो. ऑइल बंद केलं की धूर बंद होतो. आतल्या जुन्या ओलाव्यावर इंजिन थोडा वेळ तोऱ्यात चालतं. मग धातूवर धातू घासतो, तापतो आणि जागच्या जागी अडकतो. बाबांना तेवढाच वेळ पुरतो. तोवर ते पुढच्या गावात ढेकर देत असतात.

लोकांनी जीप अडवली आणि आपापले डबे उतरवून घेतले. मामी बाळाला कडेवर घेऊन होडीतून उतरली आणि बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. "चौदा जीव होते आत," ती म्हणाली. बाबांना ढेकर आला नाही.

मामानं टाकी रिकामी केली, नवं पेट्रोल घेतलं आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "माप दे." मग थांबून म्हणाला, "वीसच का गं? दहा का नाही?"

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं कारण विचारलं. मी धक्क्यावर बसकण मारून त्याला सगळं सांगितलं, आणि चौदा जण न कुरकुरता ऐकत बसले.

होडी धूर सोडत निघाली. सगळे खोकले, आणि सगळे पोचले.

तुमच्याकडेही कुणीतरी येईल. पाप गिळेल, रोग गिळेल, धूर गिळेल. हात जोडायच्या आधी त्याच्या मंडपामागे एक चक्कर मारा आणि तो स्वतःच्या टाकीत काय घालतो, ते बघून या.