पाटावर बसलेली फटफटी

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. मांडी घालून जेवायला बसतात ना, तोच. माझ्या चारही कोपऱ्यांवर पितळी फुलं आहेत आणि एका अंगाला लांबलचक भेग आहे. मला पाहणारा पहिल्यांदा त्या भेगेवरच बोट ठेवतो आणि म्हणतो, "अरेरे, फुटका!"

मी मनातल्या मनात हसतो. ती भेग म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची सकाळ आहे. त्या सकाळी माझ्यावर कोण बसलं होतं, सांगू? फटफटी! मोठी, काळीभोर, धूर ओकणारी फटफटी!

पण आधी माझा जन्म सांगतो. मी मेडशीकडच्या रानातला सागवान. जब्बार सुतारानं मला रंध्यानं असं घासलं, की हात फिरवला तर लोण्यावर फिरल्यासारखा वाटावा. तुळसाबाईच्या लग्नात द्यायला त्यानं मला घडवलं. पितळी फुलं ठोकता ठोकता तो तिच्या बापाला म्हणाला, "पाटील, तुमच्या लेकीले सांगजा. या पाटावरून उपाशी कोनी उठला तं माह्या रंध्याले बट्टा लागन."

तुळसाबाईनं ते बोल पदराला बांधून घेतले. लग्न होऊन ती वाशीमला आली, तशी गाडीत तिच्या मांडीशी टेकून मीही आलो. तिचं घर कापसाच्या जिनासमोर, म्हणजे सरकी वेगळी काढायच्या कारखान्यासमोर होतं. मधे फक्त सडक. तिचा नवरा शालिग्राम दोन बैलांची शेती करायचा, कमी बोलायचा आणि जास्त ऐकायचा.

त्या घराची एक रीत होती. पाटावर बसलेल्याला जेवण होईपर्यंत कुणी उठवायचं नाही. एकदा शालिग्रामचा चुलतभाऊ बांधाच्या भांडणावरून काठी घेऊन ओरडत आला. शालिग्राम तेव्हा माझ्यावर बसून भाकरी मोडत होता. चुलतभाऊ उंबऱ्याशीच थांबला. ओट्यावर बसून राहिला. शालिग्रामनं सावकाश ताकभात संपवला, हात धुतले, तोवर चुलतभावाचा राग अर्धा निवला होता. बैलांनाही ती रीत लागू होती. पोळ्याला त्यांच्यापुढे पुरणाची पोळी यायची, ती माझ्यावरूनच.

आता ऐका फटफटीची गोष्ट.

तीस सालानंतरचे ते दिवस. दिवाळी झाली, की वाशीम कापसानं पांढरं व्हायचं. रिठदकडून, इथल्या जवळच्या मालेगावकडून, तांड्यातांड्यांतून गाड्या यायच्या. जिनाच्या फाटकापासून पार तळ्याच्या वाटेपर्यंत गाडीला गाडी लागायची. मुंगीनं आत शिरायचं म्हटलं, तर तिनंही वाट विचारावी!

अशा गर्दीत एका सकाळी आवाज आला... फट, फट, फट, फट! बैलांनी माना वर केल्या. कोंबड्या कौलांवर गेल्या. गाड्यांच्या रांगेतून वाट काढत ती आली. काय तिचं ते रूप! पहिल्या मोठ्या लढाईत कुण्या साहेबाचं टपाल वाहिलेली, मग भंगारात पडलेली. फय्याज नावाच्या तरुणानं तिचा एकेक दात बसवून तिला पुन्हा उभी केली होती. फय्याज जिनात इंजिनावर कामाला लागला होता. रोज सकाळी मालेगावहून यायचा, रोज सांजेला मालेगावला परतायचा.

रोज कशासाठी? तर त्याची आई, सकीना. तिचे डोळे गेले होते. वाशीमला राहायला चल म्हटलं, की ती म्हणायची, "इथली भिंत न भिंत मले ओयखते बेटा. तिथं मी दुसऱ्याच्या घरात आंधळी होईन." म्हणून फय्याज रोज सांजेला घरी जायचा. चूल पेटवायचा. ती दारात बसून कान देऊन असायची आणि फटफटी वळणावर असतानाच शेजारणीला सांगायची, "आला माहा फय्याज!"

पण फटफटी उभी कुठं करायची? जिनात कापसाचे ढीग, तिथं पेट्रोलची गाडी चालत नसे. सडकेवर बैलगाड्या. राहिला तो तुळसाबाईच्या दारचा कोपरा, तर तिथली माती काळी. फटफटीचे मागचे दोन लोखंडी पाय खाली सोडले, की ती त्यावर उभी राहायची. पण दुपार होईतो ते पाय लोण्यात सुरी जावी तसे मातीत जायचे आणि ती धाडकन आडवी व्हायची. चार माणसं लागायची तिला उचलायला.

शालिग्रामला तिची दया आली. त्यानं एक दिवस काय करावं? खुंटा ठोकला आणि फटफटीला दाव्यानं बांधून टाकली! बैलाला बांधतात तशी. मनात म्हणाला असेल, आता बिचारी पडायची नाही. फय्याजला सांगायचं मात्र राहून गेलं.

सांजेला फय्याज घाईघाईनं आला, बसला, लात मारली आणि सुटला. दावं ताणलं, खुंटा मातीसकट उपसून निघाला आणि फटफटीमागं उड्या मारत गाड्यांच्या रांगेत शिरला. दौलतसिंगचा काजळ्या बैल तो उडता खुंटा पाहून असा उधळला, की गाडी कलंडली आणि सगळा कापूस धुळीत! कुणाला लागलं नाही, एवढंच बरं.

दौलतसिंग तांड्याचा मोठा गडी. सगळे गाडीवाले त्याला मानायचे. मिशीवरची धूळ पुसत तो गरजला, "आजपासून हे भूत या सडकेवर दिसलं, तं नाल्यात ढकलून देईन! मालकाले बी सोबतच!"

फय्याज बिचारा गावाबाहेर फटफटी ठेवू लागला. तिथून गर्दीतून धापा टाकत यायचा, तोवर जिनाचा भोंगा होऊन गेलेला असायचा. शेवटी जिनातल्या मोठ्या मिस्तरीनं सांगून टाकलं, आणखी एकदा उशीर झाला, तर काम सोड, नाहीतर इथल्या खोलीत राहायला ये.

त्या दुपारी तो ओट्यावर मान घालून बसला होता. तुळसाबाईनं त्याला माझ्यावर बसवलं, भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. त्याचा घास हातातच राहिला.

"जेव न, काहून थांबला?"

"मावशी, मी इथं राह्यलो तं अम्मीची चूल कोन पेटवन? तिचा हात पोयला तं पाहाले बी कोनी नाही."

तुळसाबाईची नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली आली. माझ्यावर येऊन थांबली. मला अजून आठवतं, माझ्या अंगावर काटा आला! लाकडाला काटा येतो का, असं विचारू नका.

"आधी जेवून घे," ती म्हणाली, "आन् उद्या फटफटी घेऊन ये. इथंच."

दुसरा दिवस बाजाराचा. उजाडायच्या आत तिनं दारात सडा घातला, रांगोळी काढली आणि त्या काळ्या मातीवर मला मांडलं. फय्याज आला, पाहतच राहिला.

"मावशी, जेवाचा पाट!"

"मंग? पाव्हनीले मातीत बसवते का कोनी? चढव तिले."

शालिग्रामनं आणि फय्याजनं मिळून फटफटी मागं ओढली. ते दोन लोखंडी पाय माझ्यावर आले. मित्रांनो, मी आजवर सासरे पेलले होते, जाडजूड व्याही पेलले होते. पण हे वजन! माझा रेशा न् रेशा ताणला गेला. मी म्हणालो, बस गं बाई, बस. आणि ती बसली. ताठ! तसूभरही खचली नाही. तुळसाबाईनं तिच्या दिव्याला हळदकुंकू लावलं आणि गुणगुणली,

*पाट मांडला दारात, पाटावर कोण आली?*
*लोखंडाची पाव्हनी, धूर ओकीत बसली!*

तेवढ्यात सडकेवर गलका झाला. दौलतसिंग येत होता. मागं गाडीवाले, हातात बैल हाकायच्या पराण्या.

"कुठी हाय थे भूत?" म्हणत तो अंगणात शिरला आणि थबकला. त्याचे डोळे रांगोळीवर गेले. मग माझ्यावर. मग फटफटीच्या कुंकवावर.

"तुळसाबाई, हे काय?"

"दिसत नाही का दौलतभाऊ? पाव्हनी बसली पाटावर. आता तुमीच सांगा, पाटावरून उठवता का तिले?"

गाडीवाल्यांत हशा पिकला. मदनसिंग नावाचा एक गाडीवाला ओरडला, "दौलतदादा, पाव्हनी जेवल्यावर ढकला!"

दौलतसिंगला हसू येत होतं आणि त्याला ते येऊ द्यायचं नव्हतं. "फटफटी जेवते काय, बाई?"

"तिचं पोट भरून हाय. तिच्या वाटचं दुसऱ्याले वाढते मी." आणि तुळसाबाईनं भिजवलेल्या सरकीचं घमेलं आणून फटफटीच्या रुंद बैठकीवर ठेवलं. "आना तुमच्या काजळ्याले. त्याचा जीव घाबरला होता, त्याचाच मान पयला."

दौलतसिंगनं मिशी चावली.

"ठीक हाय," तो म्हणाला. "काजळ्या इच्याजवळ आला, अन् ही फटफट करून राह्यली तरी उधळला नाही, तं इथं उभी राहू द्या रोज. मी सोता जागा राखीन. पन उधळला, तं आजपासून हे वाहन वाशीमात नाही. कबूल?"

फय्याजनं मालेगावच्या दिशेकडे पाहिलं. ओठ ओले केले. "कबूल, चाचा."

काजळ्या आला. केवढा तो बैल! डोळ्यांत भीतीची पांढरी कड. दोन पावलं पुढं, एक मागं. त्यानं मान खाली घातली आणि मला हुंगलं. पोळ्याच्या पुरणाचा वास असेल माझ्या अंगात मुरलेला, गुळाचा, भाकरीचा, घराचा. त्याचा गरम श्वास माझ्यावरून गेला. त्यानं माझं पितळी फूल चाटलं! मग मान वर उचलली आणि सरकीत तोंड घातलं.

"कर चालू!" दौलतसिंग म्हणाला.

फय्याजनं लात मारली. काही नाही. पुन्हा मारली. नुसता खोकला.

"पाव्हनी रुसली रे!" मदनसिंग ओरडला.

तिसऱ्यांदा फय्याज उडी मारून अख्ख्या वजनानं लातेच्या दांड्यावर उतरला आणि... फट! फट! फट! फट!

ती थरथरू लागली. मी थरथरू लागलो. घमेलं नाचू लागलं. आणि माझ्या आतून कुठूनसा आवाज आला... कर्र! एका अंगानं मी चिरत चाललो होतो. मी दुभंगलो असतो, तर ती कलंडली असती, थेट काजळ्यावर. मी सगळा जीव गोळा केला. रानातलं झाड होतो तेव्हा वादळात धरला होता, तसा श्वास धरला. भेग पितळी फुलापाशी आली आणि थांबली. जब्बार सुतारानं ठोकलेल्या खिळ्यानं तिला तिथंच धरून ठेवलं.

काजळ्याचे कान उभे राहिले. तो एक पाऊल मागं गेला. कासरा ताणला गेला. फय्याजनं डोळे मिटून घेतले.

आणि काजळ्यानं काय केलं? फर्रकन नाकातून हवा सोडली, पाऊल पुढं टाकलं आणि पुन्हा सरकी खाऊ लागला!

काय तो आरडाओरडा झाला! टोप्या उडाल्या, पागोटी उडाली. दौलतसिंगनं फटफटीच्या इंजिनावर थाप मारली आणि चटका बसून हात झटकला. "अय! तापट हाय बाई!" म्हणाला आणि स्वतःच पोट धरून हसला. तेवढ्यात जिनाचा भोंगा वाजला. तुळसाबाई ओरडली, "पय रे फय्याज, पय!" आणि फटफटी बंद करून फय्याज सडक ओलांडून असा धावला, की चपला दारातच राहिल्या.

त्या दिवसापासून ती जागा फटफटीची. दौलतसिंग गाडी लावताना ओरडायचा, "पाव्हनीची जागा सोडा रे!" रोज सकाळी मला मांडायचं, रोज सांजेला पुसून आत न्यायचं. फटफटी निघाली, की तुळसाबाई दारात उभी राहून म्हणायची,

*पाट सोडून निघाली, सडकेसडकेनं चालली,*
*मालेगावच्या माउलीची सांज उजळून आली.*

एका ईदेला फय्याज मागं आईला बसवून आला. सकीना त्याच्या कमरेला घट्ट धरून, लहान पोरीसारखी हसत. तिला माझ्यावर जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर तिनं हातानं मला चाचपलं. बोटं भेगेवर आली, तशी थांबली. "इथंच का?" तिनं विचारलं आणि त्या भेगेवरून तिनं इतका हलका हात फिरवला, जसा झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात. मित्रांनो, रंध्यानंही मला कधी इतकं गुळगुळीत केलं नव्हतं.

मग दुसरी मोठी लढाई लागली. पेट्रोल मिळेनासं झालं. फय्याज कुणाच्या ना कुणाच्या गाडीत बसून जाऊ-येऊ लागला आणि बरेचदा त्याला गाडी मिळवून द्यायचा तो दौलतसिंगच. फटफटी मालेगावला गोठ्यात झाकून राहिली. आणि मी? भेग पडलेला पाट पंगतीत कोण मांडणार? आधी माझ्यावर पापड वाळले. मग कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झालो. मग माळ्यावर गेलो. एकदा घरच्या नव्या सुनेनं मला चुलीपाशी नेलंसुद्धा. तुळसाबाईनं धावत येऊन माझ्यावर हात ठेवला. "हा नाही, माय. दुसरं काहीबी जाय."

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातली भेग पडलेली वस्तू टाकायला निघालात, तर आधी विचारा, हे कशानं फुटलं? आणि कुणी अवजड, धुरकट, गरमागरम वाहन घेऊन दारात आलं, तर "जागा नाही" म्हणण्याआधी घरात एकदा नजर फिरवा. मांडायला काहीतरी असतंच.

थांबा! ऐकलंत?

लढाई सरून बरेच दिवस झालेत. बाजारात पेट्रोलचे डबे पुन्हा दिसतात, असं शालिग्राम काल म्हणत होता. आणि आत्ता दूर, मालेगावच्या सडकेवर... कोंबड्या कौलांवर चढताहेत. माळ्याची शिडी करकरते आहे. तुळसाबाईचे म्हातारे हात मला धरताहेत, पदरानं माझी धूळ पुसताहेत.

"अवो, दारात सडा घाला!" ती ओरडते आहे. "पाव्हनी आली!"