टीग यांच्या फलकावरची पाच भोके

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात रस्त्याच्या एका वळणावर उभा असलेला जुना फलक आहे. मला दुखत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर पुढचे ऐकून तुम्ही उगाच हळहळाल.

अ‍ॅल्युमिनियम वितळवून मला साच्यात ओतले. माझी अक्षरे उठावाची आहेत, हाताला लागतात. एम्ब्रोज टीग यांनी इथल्या आपल्या किराणा दुकानात काळ्या लोकांना मतदार यादीत नाव नोंदवायला शिकवले, आणि त्यासाठी त्यांना इथेच गोळ्या घालून मारले, एवढेच माझ्यावर लिहिले आहे. दुकान आता नाही. कापसाचे शेत आहे.

मला उभे केले त्या दिवशी चर्चची मंडळी गायली, सगळ्यांनी तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव खाल्ला. नंतर फारसे कोणी थांबले नाही. गेल्या दोन वर्षांत मात्र जाणाऱ्या गाड्यांतून कोणीतरी माझ्यावर गोळ्या झाडल्या. आधी दोन, मग तीन.

टीग यांची पत्नी एक्क्याण्णव वर्षांची आहे. सारे चर्च तिला मदर टीग म्हणते. साखरेच्या आजाराने तिचे डोळे या गोळ्यांच्या आधीच गेले होते. बाहेरगावची मंडळी चर्चला परत येतात त्या ऑगस्टमधल्या रविवारी यंदा ती मला बोटांनी वाचणार होती. तिला भोके लागू नयेत, असे सगळ्यांनी ठरवले.

चर्चचा कारभारी क्लिओथा गाड्यांचे पोचे काढतो. त्याने माझ्या भोकांत गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, रंग दिला. त्यात नावही बुजले.

"गाडीचं दार समजलात की काय?" त्याची बायको म्हणाली. "नाव कुठंय?"

"गप गं. म्हातारीला काय कळतंय!"

रविवारी मदर टीगची बोटे पहिल्या ओळीवर फिरली आणि थांबली.

"क्लिओथा, माझा नवरा कुठं गेला?"

"जरा गंज होता, मदर. साफ केला."

"अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज? शाळेत मीच शिकवलंय तुला, पोरा. तेव्हाही असाच थापा मारायचास."

कोणीतरी हसले.

"तुम्हाला त्रास नको म्हणून, मदर..."

"माझं घर पलीकडेच आहे. डोळे गेलेत, कान नाही गेले. पाच गोळ्या होत्या. काढ ती लांबी."

क्लिओथाने गाडीतून हातोडी आणि छिन्नी आणली. पाऊण तास तो कोरत होता. नाव निघाले, थोडे ओरखडलेले. मदर टीगने एकेका भोकात बोट घातले.

"त्याला तीन लागल्या होत्या," ती म्हणाली. "अंघोळ मीच घातली होती."

कोणीतरी तिला गाडीकडे नेऊ लागले. तिने हात सोडवला आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतले. ऊन कडक होते. मंडळी तिथेच उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्याही गावात असे फलक असतील. त्यांवरची धूळ पुसा, चढलेले वेल काढा. भोक दिसले, तर बुजवण्याआधी ज्यांचे माणूस गेले त्यांना विचारा. आणि ते वाचत असतील, तर वाचून होईपर्यंत थांबा.