सुईने ओलांडलेले सूर

त्या रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी तबकडी लावली. मी अमरावतीहून अकोल्याला आले की ते ती लावतच. कुण्या रशियन संगीतकाराने युद्धाच्या वर्षांत रचलेली सिंफनी. बाबांची सगळी नोकरी कृषी विद्यापीठात माती तपासण्यात सरली. ही तबकडी त्यांना जुन्या शहरातल्या एका भंगारवाल्याकडे मिळाली होती, ओरखड्यासकट.

"लागला मयतीचा बाजा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "शेजारची इंदूबाई इचारून राहिली, कोन गेलं म्हनून."

"सांग तिले, लढाई हाय. तिकडची."

"मंग तिकडंच राहू द्या न ते!"

संथ भागात सुई ओरखड्यावर अडकली. व्हायोलिनांचे तेच दोन सूर पुन्हा पुन्हा. बाबा आधीच उठून उभे होते. त्यांनी बोटाने सुई अलगद पुढे ढकलली. संपल्यावर नेहमीसारखं विचारलं, "आनखी एकदा लावू का?"

"नको!" आई आणि मी एकदमच म्हणालो. माझ्या लहानपणापासून हे असंच चालायचं. तिघंही हसलो. संध्याकाळच्या बसने मी परतले.

सोमवारी सकाळी बाबा आंघोळ करून खुर्चीत बसले, आणि गेले.

पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. आई काही दिवस मावशीकडे पातूरला गेली, घराला कुलूप लागलं. मी अमरावतीच्या माझ्या खोलीवर आले. कॉलेजात कुणी विचारलं की "बरी आहे" म्हणत होते.

एका दुपारी फोनवर तेच ध्वनिमुद्रण सापडलं. तोच वाद्यवृंद, वेष्टनावरचं तेच बर्फाचं चित्र. बाबा थोडा वेळ तरी खोलीत येतील, असं वाटलं. लावलं.

संथ भाग आला. व्हायोलिनांचे ते दोन सूर आले आणि माझा हात आपसूक पुढे झाला. पण इथे सुई नव्हती. सूर अडकले नाहीत. व्हायोलिनं थांबली आणि एक बासरी एकटीच वाजली. जेमतेम दोन श्वास. मग ओळखीचं संगीत सुरू झालं.

ही बासरी आमच्या घरात कधी वाजलीच नव्हती. इतकी वर्षं बाबा दर वेळी, स्वतःच्याच बोटाने, तिला ओलांडून जात होते.

सिंफनी संपली. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. विचारणारं कुणी नव्हतं.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "आणखी एकदा लावा न."