रिझाने पाठवलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी दाण्याची पेटी आहे. बाहेरून निळी, आतून जस्ताच्या पत्र्याची. तुर्कस्तानातल्या एका डोंगरी गावात, फादिमे आजींच्या कोठीत माझा मुक्काम आहे. पण मी दाण्यांसाठी जन्मले नव्हते. मी शवपेटी होते. घाबरू नका. मी आयुष्यात एकच माणूस वाहिला आणि तोही गरीब स्वभावाचा होता.

माझा जन्म जर्मनीतला. सरहद्द ओलांडणाऱ्या पेटीला आतून पत्रा लावतात आणि माणूस ठेवला की पत्र्याचे झाकण कथलाने झाळून बंद करतात. ज्या सुताराने मला जोडले त्याने माझ्यावर थाप मारली आणि तो म्हणाला, "झकास झालीस." कौतुक म्हणाल तर माझ्या वाट्याला एवढेच आले.

माझा माणूस म्हणजे रिझा, फादिमे आजींचा थोरला मुलगा. उभी हयात ड्युइसबुर्गच्या पोलाद कारखान्यात भट्टीपुढे घालवली आणि एके सकाळी घराच्या जिन्यातच कोसळला. त्याची बायको गुलतेन हिला त्याला तिथेच पुरायचे होते, म्हणजे तिला कबरीवर जाता आले असते. पण तो नेहमी म्हणायचा, मला गावी न्या, बापाशेजारी ठेवा. तिने आपले मन मारले. मशिदीतली माणसे डॉक्टरकडे, कचेरीत, वकिलातीत धावली. रिझा तरुणपणी जर्मनीत आला तेव्हा त्याला एवढे शिक्के लागले नव्हते.

मशिदीत मयताला आंघोळ घालतात त्या न्हाणीघराच्या दाराशी मी उघडी पडले होते तेव्हा गावाहून त्याच्या धाकट्या भावाचा, दुर्मुशचा फोन आला.

"वहिनी, दादाला पाठवा. पण आईला यातलं काही कळता कामा नये."

"भावोजी, तिचा मुलगा आहे तो."

"म्हणूनच सांगतोय. तिचं काळीज कच्चं आहे. ऐकल्याबरोबर जाईल ती. दोघांना बरोबरच पुरू का मी?"

"आणि मी आले की माझं तोंड बघून तिला कळणार नाही?"

दुर्मुश म्हणाला, "तुम्ही येऊ नका."

या लोकांत ही माया समजली जाते, मित्रांनो. म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत, सगळा गाव मिळून लपवतो. मला त्या मायेची चीड आहे, ती का ते पुढे कळेल. गुलतेनने माझ्या झाकणावर कपाळ टेकले आणि ती विमानतळावरूनच घरी परतली.

कब्रस्तानाची वाट आजींच्या खिडकीखालून जाते. खांदेकरी मला घेऊन चालले होते तेवढ्यात खिडकी उघडली.

"कोण गेलं रे, दुर्मुश?"

"सरपंचाचा मेव्हणा गं, आई. तू आत जा, वारं लागेल."

"वारं लागायला मी काय तान्ही आहे?" म्हणत आजींनी दोन्ही तळहात वर धरले. "देवा, याची आई मागे असेल तर तिला बळ दे."

खांदेकऱ्यांपैकी एकानेही मान वर केली नाही.

पुरण्याआधी इमाम सगळ्यांना विचारतो, या माणसाकडे तुमचे काही राहिले असेल तर माफ केले का? सगळे म्हणाले, "केलं." पण सगळ्यांत मोठे देणे आईच्या दुधाचे असते, आणि ते माफ करणारी खिडकीशी बसून सरपंचाच्या मेव्हण्यासाठी रडत होती.

इथे माणसाला नुसत्या कफनात मातीत ठेवतात, म्हणून मी रिकामी उरले. दुर्मुशच्या हातून काही वाया जात नाही. त्याने माझ्या कड्या काढल्या, मला आखूड केले, निळा रंग दिला आणि आईच्या कोठीत आणून ठेवले. "रिझादादाने पाठवली. आत पत्रा आहे, उंदीर शिरायचे नाहीत."

आजींनी मला शेजारणींना दाखवले. शेजारणी ओढणीआड तोंड करून "छान आहे" म्हणाल्या.

पुढे ईद आली, पण रिझाचा फोन आला नाही. दुर्मुश सांगायचा, एकदा काय तर त्याला काम फार, मग काय तर फोन बिघडला. गुलतेनने त्याच्या नावाने शाल पाठवली. आजी माझ्यातून दाणे काढताना माझ्याशीच भांडायच्या. "पेटी पाठवतो, शाल पाठवतो. तोंडाने दोन शब्द बोलायला याची जीभ झडली का?" मला सगळे माहीत होते, पण लाकडाला कोण विचारतो?

मग आजींनी अंथरूण धरले. जाणाऱ्याने सगळ्यांना माफ करून जायचे असते. त्यांनी दुर्मुशला माफ केले, शेजारणींना केले, गुलतेनलाही केले. दुर्मुशने हळूच विचारले, "आणि दादाला?"

"त्याला नाही. माझ्या दुधाचं देणं त्याच्या डोक्यावर राहू दे."

दुर्मुशने त्यांचे पाय धरले. "आई, असं बोलू नको गं. दादा केव्हाच गेला. बाबांशेजारी आहे. तुझ्या खिडकीखालून नेला त्याला."

"भावावरचा शाप काढून घ्यायला त्याला मारूनच टाकलंस होय रे?" असे म्हणून आजींनी भिंतीकडे तोंड फिरवले. ते पुन्हा इकडे वळले नाही.

आता लपवायचे कोणापासून? गुलतेन आली, कबरीवर जाऊन आली आणि कोठीत माझ्यापाशी थांबली. रंगाखालची मी तिला ओळखू आले की नाही, कोण जाणे. तिने विचारले, "भावोजी, आई यांच्याबद्दल शेवटी काय म्हणाल्या?"

दुर्मुश माझ्या झाकणाकडे बघत म्हणाला, "माफ केलं, वहिनी. सगळं माफ केलं."

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी दूर देशी गेले आणि तिथेच संपले, तर त्याला जरूर घरी आणा. पण त्याला आणाल तेव्हा त्याची बातमीही त्याच्या आईच्या हाती द्या. ती रडेल, कदाचित मरेलही. पण निदान मुलाला शिव्या देत मरणार नाही.