पट्टीच्या बाजूने

डोळ्यांच्या दवाखान्यातून ऑपरेशन झालेल्या माणसाला एकटं घरी सोडत नाहीत. ज्यांचं कुणी येऊ शकत नाही, त्यांच्यासाठी दवाखान्याने एक बाई ठेवली आहे. तिच्या बिल्ल्यावर 'मदतनीस' असं लिहिलंय, पण तो कुणी वाचत नाही. नर्स दार किलकिलं करून विचारते, "सोबत कोण?" आणि ही उठते. म्हणून सगळे तिला सोबतबाईच म्हणतात.

तिच्या कामाच्या रीती ठरलेल्या. ज्या डोळ्यावर पट्टी, त्या बाजूने चालायचं. खांब, पायरी, उघडं फाटक, काय येईल ते आधी आपल्या अंगाला लागू द्यायचं. आणि माणसाला दारात सोडून मागे फिरायचं नाही. आपण पुढे होऊन कुलूप काढायचं, दिवा लावायचा, खिडकी उघडायची, वाटेतली बादली बाजूला करायची आणि मग म्हणायचं, "या आत."

नवरा गेला आणि थोड्याच दिवसांत ती कामावर आली. रजा वाढवून देत होते, तिने नको म्हटलं. रडली नव्हती. रडू यायला अंगात जी जागा असते, तिथे कुणी कापूस भरून ठेवल्यासारखं झालं होतं. चहा गरम आहे हे जीभ पोळल्यावर कळायचं. कुणी काही बोललं की शब्द कानापर्यंत यायचे आणि तिथेच पाय पुसत उभे राहायचे.

राहायला ती भावाकडे होती. नवऱ्याला ज्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, तिथून परस्पर भावाकडे गेली, ती गेलीच. स्वतःच्या घराला तेव्हापासून कुलूप.

आज सकाळी भावजयीने डबा हातात देताना पुन्हा घराची चावीही दिली.

"वन्सं, ओझं नाही हो तुमचं मला. तुम्ही असलात की हे निदान हळू आवाजात भांडतात. पण घराला बंद राहायची सवय लागते. आज खिडक्या तरी उघडून या."

"बरं," ती म्हणाली.

"कालपण 'बरं'च म्हणालात."

"आज जाते, वहिनी."

"मी येऊ?"

"कशाला? काम आहे तुम्हाला."

चावी तिने पदराच्या टोकाला बांधली. दिवसभर ती मांडीवर आपटत राहिली.

दुपार कलताना नर्सने विचारलं, "सोबत कोण?" आत खुर्चीवर एक किडकिडीत म्हातारी बसली होती, डाव्या डोळ्यावर पट्टी. आयुष्यभर एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी केलेली बाई. ते साप्ताहिक बंद पडलं, तरी तिची कोडी बंद पडली नव्हती.

"चला आजी, हळू उठा."

"आजी म्हणू नका, मला नातवंड नाही. काकू म्हणा, तेवढी सवलत घेते. बिल्ल्यावर काय लिहिलंय तुमच्या?"

"मदतनीस."

"पाच अक्षरी. चौकटीत बसतो, माणसाला बसत नाही." काकूंनी तिचा हात धरला. "तुमच्या जातकुळीचे पुष्कळ शब्द वापरलेत मी. अडलं की उपयोगी पडतात. वाटाड्या, तीन. पाठीराखा, चार. राखणदार, पाच. आमचे संपादक म्हणायचे, सगळ्यांचा अर्थ एकच. मी म्हणायची, साहेब, जागा बघा की! वाटाड्या चाले पुढे, पाठीराखा राहे मागे, राखणदार जागचा हलेना. शेजारून चालतो तो सोबती. एकाची चौकट दुसऱ्याला कशी चालेल?"

"पायरी आहे," सोबतबाई म्हणाली.

"दिसली. उजवा डोळा आहे अजून माझा, त्याला विधवा करू नका."

बोलून काकूंनी जीभ चावली नाही, कारण त्यांना काही माहीत नव्हतं. सोबतबाईलाही काही झालं नाही. शब्द आला, कानाशी थांबला.

काकूंचं घर तिच्याच रस्त्याला होतं, तिच्या घराच्या बरंच पुढे. दुसरीकडून जाणारी वाट नव्हती. दोघी कोपऱ्यावर वळल्या. औषधाचं दुकान गेलं, इस्त्रीवाल्याची टपरी गेली. काकू बोलत होत्या, ती हुं हुं करत होती. आणि अचानक काकूंचा डावा खांदा धाडकन दिव्याच्या खांबावर आदळला.

"अगं आई गं!"

सोबतबाई जागीच थिजली. ती काकूंच्या उजवीकडे होती. दिसत्या डोळ्याच्या बाजूला.

"अहो बाई, मघापर्यंत इकडे होतात की! उजेडाला कसली सोबत करताय?"

"चुकलं." ती डावीकडे आली. खांदा चाचपला, पट्टी सरकली नाही ना ते पाहिलं. "असं कधी होत नाही माझ्याकडून."

"मग आज कसं झालं?"

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "ह्या रस्त्यावर मी उजवीकडूनच चालते. ह्यांची उजवी बाजू गेली होती. रोज संध्याकाळी इथून त्या टाकीपर्यंत न्यायची त्यांना." आवाज वाण्याला सामान सांगावं तसा सपाट होता. "वळल्यावर पाय आपोआप गेले असतील."

"आता कोण नेतं?"

"नाहीत ते आता."

काकू खांदा चोळायच्या थांबल्या.

"ते गेले तेव्हा मी बाहेर होते," तिने न विचारताच पुढे सांगितलं. "दरवाज्यावरचा माणूस म्हणाला, नातेवाईकांनी बाहेर बसायचं. मी बसले. लोकांच्या सोबत आत जायचं काम माझं. पण तिथे कुणी विचारलंच नाही, सोबत कोण म्हणून." मग विचारलं, "पुढे नाही, मागे नाही, शेजारीही नाही. दाराबाहेर बसते तिला काय म्हणतात, काकू?"

काकू म्हणाल्या, "हे कधी कोड्यात घातलं नाही मी."

दोघी चालू लागल्या. एका निळ्या दारापुढून जाताना पदरातली चावी तिने मुठीत धरली. काकूंच्या एका डोळ्याला तेवढं पुरलं.

"हे घर का?"

"हो. आज उघडायचंय. तुम्हाला सोडून येताना उघडेन."

"येताना तुम्ही सरळ निघून जाल."

तिने चावीवरची मूठ आणखी घट्ट केली.

"काल तेच केलंत ना?"

"कालही. परवाही."

"आण ती चावी," काकू म्हणाल्या. अहो-जाहो कुठे गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही.

"काकू, तुमचं आजच ऑपरेशन झालंय. आत अंधार असेल."

"मला अंधार अर्धाच लागणार. आण."

गाठ सुटेना, ती काकूंनी दातांनी सोडवली. कुलूप चाचपडत काढलं. दार ढकललं आणि एकट्या आत गेल्या. लगेच काहीतरी आडवं पडल्याचा आवाज आला.

"मेलं दारातच काय ठेवलंय हे?"

"त्यांचं स्टूल," ती उंबऱ्याबाहेरून म्हणाली. "बूट घालायला बसायचे. बटण उजव्या हाताला आहे. जरा खाली, त्यांच्या डाव्या हाताला पोचावं म्हणून लावून घेतलं होतं."

बटण खटकलं. आत खिडकीची कडी वाजली, अडली, पुन्हा वाजली. कोंडलेली हवा दारातून तिच्या अंगावर आली, औषधी तेलाची, धुळीची. उजेडात खुंटीवरचा सदरा दिसत होता.

"ये आत," काकूंनी हाक मारली.

ती उभी राहिली. बोलावणाऱ्याने घाई करायची नसते, ही तिच्याच कामाची रीत होती. काकूंनीही केली नाही. मग तिने चपला काढल्या आणि ती आत गेली. सदऱ्याला हात लावला नाही. पडलेलं स्टूल उचलून होतं तिथेच, वाटेतच, ठेवलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "चला, तुम्हाला सोडते."

"दिवा?"

"राहू दे. मी परत येणारच आहे."

या वेळी ती पट्टीच्या बाजूने चालत होती. रस्ता तिथे अरुंद होता. भिंतीला टेकवलेल्या सायकलीचं हँडल तिच्या कोपरात खाडकन बसलं, आणि कळ पार खांद्यापर्यंत गेली.

काकू थांबल्या. "लागलं का गं?"

तिने कोपर दुसऱ्या हाताने घट्ट धरलं. ओठ थरथरायला लागले होते.

"हो," ती म्हणाली. "खूप लागलं."